पेन्सिल सेलवरचं जीपीएस

हातात धरायचं जीपीएस घ्यायचं म्हटलं की जाहिरात आधी उपग्रह मोजायला बसते. अमेरिकेचे पकडतं, रशियाचे पकडतं, युरोपचे पकडतं, चीनचेसुद्धा. ते खोटं नसतं, आणि त्यातलं काही कामाचंही असतं. पण मला कोणी सल्ला विचारला तर मी पहिला प्रश्न सेलचा काढतो. पेन्सिल सेल बसतात का? बसत नसतील तर माझ्या लेखी ते यंत्र तिथेच बाद.

हा हट्ट समजायला अमरावती जिल्ह्यातल्या परतवाड्याच्या उत्तरेकडे एकदा यावं लागेल. इथे सातपुडा हळूहळू चढत नाही, कपाशीच्या वावरापलीकडे एकदम उभा राहतो. घाट चढून गेलं की घटांग, सेमाडोह, हरिसाल करत थेट धारणीपर्यंत सागवान आणि बांबू. पावसाळ्यात तारेवर फांदी पडली की तिथल्या गावांतली लाइन जाते, आणि ती केव्हा येईल हे लाइनमनलाही सांगता येत नाही. मोबाइलची रेंज घाट चढता चढताच साथ सोडते. चार्जिंगच्या पिनेवर जगणारं यंत्र अशा ठिकाणी दुसऱ्या दिवशी नुसतं ओझं होतं.

पेन्सिल सेल मात्र कुठल्याही किराणा दुकानात मिळतात, भिंतीवरच्या घड्याळांच्या कृपेने. त्यातही पाहून घ्यावं लागतं. दुकानात पुड्यांच्या माळेशेजारी लटकवलेले स्वस्त सेल बहुधा झिंक-कार्बनचे असतात. घड्याळ त्यांवर वर्ष काढतं, कारण घड्याळाला वीज लागते ती नावापुरती. जीपीएस सतत ओढतं, आणि त्यात हे सेल फार लवकर मान टाकतात. अल्कलाइन असेल तर पाकिटावर तसं लिहिलेलं असतं, तेच घ्यायचे. घरून निघताना मी चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइडचे सेल घालतो आणि अल्कलाइनची एक जोडी पॉलिथिनमध्ये गुंडाळून ठेवतो. मग मेनूत जाऊन सेलचा प्रकारही बदलायचा. हे कोणी करत नाही. चार्ज होणारा सेल १.२ व्होल्टचा, अल्कलाइन १.५ चा. यंत्राला खरं सांगितलं नाही तर भरलेला सेलही त्याला अर्धा दिसतो आणि वाटेत उगाच जीव टांगणीला लागतो. गार्मिनचं ईट्रेक्स २२एक्स दोन पेन्सिल सेलवर साधारण २५ तास चालतं असं कंपनी सांगते, नंतर आलेलं ईट्रेक्स एसई १६८ तास. कंपनीचे आकडे थोडे कमी करूनच धरावेत, तरी शनिवार-रविवार आरामात निघतो. आणि परत आल्यावर सेल काढून ठेवायचे. अल्कलाइन सेल आत राहिले की पाझरतात, पत्र्यावर पांढरी बुरशी धरते, आणि पुढल्या हंगामात यंत्र सुरूच होत नाही.

दुसरी गोष्ट काचेची. मे महिन्यात अमरावती-अकोल्याकडे पारा ४५ च्या वर जातो. त्या उन्हात मोबाइल हातात धरून चालून पाहा. आधी काच मंद होते, मग तो तापल्याची सूचना देतो, मग बंद पडतो. आणि तोवर काचेवर आपला चेहरा सोडून काही दिसलेलं नसतं. हातातल्या जीपीएसची काच वेगळी असते. ऊन वरून पडून आतून परत येतं, त्यामुळे ऊन जितकं कडक तितकं चित्र स्वच्छ. रंग फिके वाटतात, दुकानातल्या ट्यूबलाइटखाली तर अगदीच गरीब दिसतात, म्हणून लोक ते खाली ठेवून चकचकीत काचेचं उचलतात. उन्हात नेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये.

बटणं की टच, यावर माझं मत पक्कं आहे. बटणं. घामाच्या बोटाने टच चालत नाही, श्रावणातल्या झडीत तर काचेवरचा प्रत्येक थेंब स्वतःच नकाशा सरकवतो. बटणांवर नाव टाइप करायला वेळ लागतो हे खरं. एकेक अक्षर शोधून ठोकायचं, तेही इंग्रजीत. त्याचाही फायदा होतो, नावं आपोआप तोकडी आणि कामाची पडतात.

मग मोबाइल कशालाच नको का? तसं अजिबात नाही. फोनमधला जीपीएस रेंज नसतानाही चालतो, ऑफलाइन नकाशे उतरवून घेतले आणि विमान-मोड लावला तर दिवसभर पुरतो. गावाजवळच्या टेकडीवर जाणाऱ्या माणसाला मी हेच सांगतो: वेगळं यंत्र घेऊ नको, एक पॉवर बँक घे. पण फोन हा फोनच राहावा असं मला वाटतं. कोणाचा पाय मुरगळला, साप चावला, तर उंचावर जाऊन रेंज शोधायला चार्ज असलेला फोन लागतो. वाट शोधण्यात त्याचा जीव आधीच संपवून टाकणं मला पटत नाही.

उपग्रहावरून संदेश पाठवणारी महागडी यंत्रंही हल्ली दिसतात. परदेशात ती गिर्यारोहकांचा आधार आहेत. आपल्याकडे मात्र सॅटेलाइट फोन आणि तसली दोन्हीकडून बोलणारी यंत्रं दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत. विमानतळावर ती सापडली म्हणून लोकांवर गुन्हे दाखल झालेले आहेत. साधं जीपीएस फक्त ऐकतं, बोलत काहीच नाही, त्यामुळे त्याला ही भानगड नाही. परदेशातून भाऊ-मेहुणा काही आणतो म्हणाला तर एवढं आधी सांगून ठेवा.

जुनं, वापरलेलं घेत असाल तर सुरू करून तारीख बघा. जीपीएसमधला आठवड्यांचा आकडा १०२४ झाला की पुन्हा शून्यावर येतो. एप्रिल २०१९ मध्ये तो असाच शून्यावर आला, आणि काही जुनी यंत्रं तेव्हापासून वीस वर्षांपूर्वीची तारीख दाखवत बसली आहेत. जागा बहुधा बरोबर दाखवतात, पण नोंदीवरची तारीख वाया जाते. माझ्यासारख्याला ते चालणार नाही.

कारण मी हे यंत्र वाट विचारायला घेतलेलंच नाही. मला ते नोंदवही म्हणून हवं होतं, आणि इकडच्या डोंगरात ते त्याच कामाचं आहे. मुंबई-पुण्याकडची मंडळी एखाद्या गडाच्या वाटेची तयार फाइल उतरवून घेतात आणि तिच्यावरून चालतात. सह्याद्रीतल्या वाटा इतक्या लोकांनी चालून टाकल्या आहेत की ते जमतं. मेळघाटाच्या पायथ्याला नकाशा उघडला तर एक डांबरी रस्ता, दोन नद्या आणि बाकी हिरवा रंग. तो हिरवा रंग काही सांगत नाही. आपण एखाद्या जाणत्या माणसामागे चालायचं आणि मागे मागे रेघ उमटत जाऊ द्यायची.

जाणता माणूस म्हणजे माझ्यापुरते आमचे एक कोरकू काका. पायथ्याच्या गावात राहतात, गुरं राखत सगळं आयुष्य गेलेलं. पहिल्यांदा त्यांच्या हातात यंत्र दिलं तेव्हा त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाले, "गुरुजी, ह्याले विचारा बरं, पाणी कुठी हाये?" मी म्हटलं, काका, ते तुम्ही सांगायचं आणि यानं लिहून घ्यायचं. "मंग हे तं तलाठी झालं," म्हणाले.

तेव्हापासून आमचं काम असंच चालतं. काका थांबतात, हातातल्या काठीने दाखवतात, मी बटण दाबून खूण टाकतो. उन्हाळ्यात आटणारा झिरा आणि न आटणारा झिरा वेगळे. मोहाचं कोणाचं झाड कुठलं. मुठवा देवाचा दगड. अस्वलाने वारूळ उकरलेली जागा. कुठल्या उतारावर पावसाळ्यात शेवाळ धरतं आणि तिथून वर न जाता नाल्याने जायचं. यातलं काहीही कोणत्या नकाशावर नाही.

उलट नकाशावर जे आहे ते कधीकधी जागेवर नसतं. बोरी, कोहा आणि कुंड ही मेळघाटाच्या पोटातली गावं पुनर्वसनात उठून अकोटच्या बाजूला गेली. जुन्या नकाशात ती तशीच आहेत, नकाशा यंत्रात चढवला की तिथेही येतात. अमुक गाव इतके किलोमीटर, असं ठासून सांगतं. गाव नाही, आंब्याची झाडं आहेत आणि कुरणात चितळं. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात पायी हिंडता येत नाही, येऊही नये, त्यामुळे तिथे जाऊन फसायचा प्रश्न नाही. पण नकाशावर नाव दिसतं म्हणून तिथे चहा मिळेल असं धरून चालणाऱ्यांसाठी सांगून ठेवलं.

नोंद घ्यायची तर नोंदीची शिस्त लागते. आकाश मोकळं असेल तिथे यंत्र सुरू करून पाच-दहा मिनिटं कुठेतरी ठेवून द्यायचं. बरेच महिने बंद असेल तर पंधरा-वीस. उपग्रह २०,२०० किलोमीटरवरून सेकंदाला फक्त ५० बिट या गतीने आपली माहिती पाठवतो, आणि सगळ्या उपग्रहांचं पूर्ण पंचांग, म्हणजे कोण केव्हा कुठे असेल याची यादी, उतरायला साडेबारा मिनिटं लागतात. फोन हे पंचांग मोबाइल नेटवर्कवरून चटकन उचलतो म्हणून आपल्याला सवय नसते. एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत असतानाच हे उरकून घेतलं की झालं. गाडीत बसल्यावर पत्र्याखाली सुरू करून काही साधत नाही.

मग जुनी रेघ पुसायची, नवी सुरू करायची. रेघेतले बिंदू वेळेवर टाकण्यापेक्षा अंतरावर टाकावेत, दहा मीटरला एक असे. वेळेवर ठेवले आणि भाकरी खायला झाडाखाली बसलो, तर तेवढ्या अर्ध्या तासात यंत्र लहान पोराने पाटीवर गिरगोट्या माराव्यात तशा रेघा मारून ठेवतं. आपण हललेलो नसतो, पण त्याच्या हिशेबात दोनशे मीटर चाललेलो असतो. दिवसाच्या शेवटी पंधरा किलोमीटर झाले म्हणून जे मिरवतात त्यांच्यात भाकरीचे किलोमीटर किती, हे विचारावं.

सागाच्या जंगलात जीपीएस कसं चालतं, हा प्रश्न परदेशी पुस्तिकांत सापडत नाही. उत्तर ऋतूवर आहे. होळीपर्यंत साग पानं टाकतो, जंगल उघडं पडतं आणि यंत्र मोकळ्या वावरात असल्यासारखं चालतं. ऑगस्टमध्ये त्याच वाटेवर सुपाएवढी ओली पानं डोक्यावर असतात. उपग्रहाचा आवाज मुळातच क्षीण, पाण्याने तो आणखी मरतो. शिवाय कड्याच्या पायथ्याला असलो तर तोच आवाज दगडावर आपटून उशिरा पोचतो आणि यंत्राला आपण दरीच्या पलीकडे आहोत असं वाटतं. इथे मात्र जाहिरातीतले जास्तीचे उपग्रह खरोखर कामी येतात. आणि ज्या यंत्रांत दोन वेगवेगळ्या लहरींवर ऐकायची सोय असते, त्यांना असा आपटून आलेला आवाज ओळखता येतो. पावसाळ्यातच फिरणारा असाल तर तेवढ्यासाठी जास्त पैसे टाकायला हरकत नाही. बाहेर अँटेनाची काडी असलेलं यंत्र उभं धरायचं, काडी नसलेलं सपाट. खिशात खाली तोंड करून कोंबलं की दोन्ही आंधळी. मी पाठपिशवीच्या खांद्याच्या पट्ट्याला बांधतो.

मेनूत डब्ल्यूएएएस नावाचा एक पर्याय असतो, जीपीएसच्या मापातली चूक दुरुस्त करणारा. नाव अमेरिकी यंत्रणेचं आहे म्हणून लोक बंद ठेवतात. आपली गगन यंत्रणा त्याच पद्धतीवर चालते. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने ती विमानांसाठी उभी केली, आणि तिच्या देशभरातल्या संदर्भ केंद्रांपैकी एक नागपुरात आहे. सेलची चिंता नसेल तर सुरू ठेवावा.

उंचीचा आकडा मात्र कोणी मनावर घेऊ नये. चिखलदऱ्याच्या वैराट पॉइंटवर चार जणांचे चार फोन चार उंच्या दाखवतात आणि वाद सुरू होतो. जीपीएस मुळात मोजतं ते पृथ्वीच्या एका गणिती अंडाकृतीपासूनची उंची, समुद्रसपाटीपासूनची नाही. भारतात समुद्रसपाटी त्या अंडाकृतीच्या बरीच खाली आहे, आपल्या भागात पन्नास मीटरांहून जास्त. चांगलं हातातलं यंत्र हा फरक आत साठवलेल्या तक्त्यावरून भरून काढतं. फोनमधली काही ॲप्स भरून काढत नाहीत आणि वैराटला खुशाल बुटका करून टाकतात. हवेच्या दाबावरून उंची सांगणारी यंत्रं जास्त भरवशाची, पण सकाळी माहीत असलेल्या उंचीवर त्यांना जुळवून घ्यावं लागतं, आणि दुपारी ढग भरून आले की तीही बसल्या जागी चढायला लागतात.

या अंडाकृतीचं आणि विदर्भाचं एक जुनं नातं आहे. १८०२ मध्ये मद्रासजवळ विल्यम लॅम्बटनने हिंदुस्थान मोजायला सुरुवात केली. त्याचं कोन मोजायचं थिओडोलाइट अर्धा टन वजनाचं होतं, ते माणसांनी टेकड्यांवर आणि देवळांच्या गोपुरांवर चढवलं. मोजत मोजत उत्तरेकडे येताना जानेवारी १८२३ मध्ये तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. तिथेच त्याची कबर आहे. त्याचं काम पुढे नेणाऱ्या जॉर्ज एव्हरेस्टने त्या मोजणीवरून पृथ्वीचा जो आकार ठरवला, त्यावर सर्व्हे ऑफ इंडियाच्या टोपोशीट, म्हणजे डोंगर-नाले दाखवणारे सरकारी नकाशे, दीडशे वर्षांहून जास्त काळ निघत राहिल्या. जीपीएसचा आकार वेगळा आहे, डब्ल्यूजीएस ८४ म्हणतात तो. म्हणून जुन्या टोपोशीटवरून अक्षांश-रेखांश काढून यंत्रात भरले आणि मेनूत आकार बदलला नाही, तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडतो. चिखलदरा-गाविलगडची शीट ५५ जी/७. कोणाकडे जुनी असेल तर टाकू नका. तिच्यावरचे झरे आणि पाऊलवाटा आजच्या कुठल्याही ॲपपेक्षा सरस आहेत. फक्त यंत्राशी बोलताना तिचा आकार सांगायचा.

याहून मोठे घोळ आकडे लिहिण्याच्या पद्धतीने होतात. एकवीस अंश साडेचोवीस मिनिटं हे कोणी कागदावर घाईत २१.२४५ असं लिहिलं आणि ऐकणाऱ्याने ते दशांश अंश समजून भरलं, की माणूस अठरा किलोमीटर दक्षिणेला जाऊन पडतो. चिखलदऱ्याचा पत्ता असेल तर तो खाली मैदानात उतरतो. मीटरमध्ये आकडे देणारी यूटीएम पद्धत मला आवडते, पण तिचीही एक गंमत इथेच आहे. तिचे पट्टे सहा-सहा अंशांचे, आणि ४३ आणि ४४ या दोन पट्ट्यांमधली रेघ म्हणजे ७८ पूर्व रेखांश. ती मोर्शीजवळून जाते. महाशिवरात्रीला सालबर्डीच्या छोट्या महादेवाकडे लोटणाऱ्या यात्रेकरूंना याचा पत्ताही नसतो, पण त्या पट्ट्यात यंत्र घेऊन पूर्वेला चालत असाल तर आठ लाखांवरचा आकडा एका पावलात दोन लाखांच्या आत येतो. यंत्र बिघडलेलं नसतं. पट्ट्याचा नंबर आकड्याआधी लिहायचा, एवढंच.

गाविलगडावर मात्र या यंत्राची दुसरीच बाजू दिसते. खालून, मैदानातून यंत्रात गड निवडला आणि 'जा' म्हटलं, तर ते बाण दाखवतं आणि सरळ अंतर सांगतं. अंतर किरकोळ असतं. मधे काय आहे याबद्दल बाण मूग गिळून गप्प. डिसेंबर १८०३ मध्ये इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीच्या फौजा याच मैदानात होत्या आणि गड असाच समोर दिसत होता. दक्षिणेचा कडा तोफा चढवण्याजोगा नव्हता. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने तीसेक मैलांचा वळसा घेत तोफा डोंगरातून ओढून उत्तरेला नेल्या. त्यासाठी पाच-सहा दिवस लागले, आणि १५ डिसेंबरला गड पडला. उत्तरेकडून आत घुसल्यावरही काम संपलं नव्हतं, कारण बाहेरचा किल्ला आणि आतला किल्ला यांच्यामध्ये पुन्हा घळ आहे. आजही बाहेरच्या तटावर उभं राहून आतली एखादी खूण निवडली की यंत्र काही शे मीटर म्हणतं. त्या काही शे मीटरांत उतरायचं कुठून आणि चढायचं कुठून, हे दरवाजे बांधणाऱ्यांनी ठरवलं आहे.

म्हणून 'जा' हे बटण मी जवळजवळ वापरत नाही. 'आलो तसा परत ने' हे बटण वापरतो. आलेली रेघ म्हणजे चाललेली जमीन. तिथे घळ नाही, कडा नाही, हे पायांना माहीत असतं. धुकं उतरलं की चिखलदऱ्याच्या पठारावर दहा पावलांपलीकडचं दिसत नाही, आणि कडा तर कुठेही असू शकतो. त्या वेळी यंत्राची काच, तीही गरीब रंगांची, बघत रेघेवर पाय ठेवत परत यायचं. ज्या यंत्रात विजेचं होकायंत्र नसतं, त्यात बाण आपण चालत असतानाच खरा असतो. उभे राहिलो की तो कुठेही फिरतो, आणि धुक्यात लोक नेमके उभे राहूनच त्याच्याकडे बघतात. दहा-वीस पावलं चालायची, मग बघायचं. साधं चुंबकाचं होकायंत्र पिशवीत असतंच. आपल्या भागात खरी उत्तर आणि चुंबकाची उत्तर यांच्यात एक अंशाचाही फरक नाही, त्यामुळे ते जुळवायची कटकटही नाही.

पट्ट्याला लटकवलेलं यंत्र गावात शिरलं की लपत नाही. परवा उतरताना एका वावराच्या कडेने येत होतो. तुरीला फुलं आलेली. शेतकऱ्याने हाक मारली.

"हे काय होय भाऊ?"

जीपीएस आहे म्हटलं. जागा मोजतं.

"धुरा मोजता येते काय यानं?"

"येते, पण बरोबर येत नाही."

"कायले नाही येत? मोजून तं पाहा. शेजाऱ्यानं दोन तास दाबले आमचे."

मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, यंत्र ठेवलं आणि त्यांना काच दाखवली. अचूकता तीन मीटर, मग चार, मग पुन्हा तीन. सावकाश सांगितलं की दोन तास म्हणजे पिकाच्या दोन ओळी, सात-आठ फूट, आणि हे यंत्र आपल्याच जागी उभं राहून दहा-बारा फूट इकडेतिकडे करतं. भूमी अभिलेखची माणसं हल्ली रोव्हर घेऊन येतात, ते काही सेंटिमीटरपर्यंत जातं. ते वेगळं, हे वेगळं. त्यांना ते पटलं, पण समाधान झालं नाही. यंत्राकडे बराच वेळ बघत राहिले.

"मंग तुमच्या कोणत्या कामाचं?"

त्यांना मी वनहक्काचं उदाहरण दिलं. एक एकराचा चौकोन धरला तर त्याची बाजू ६४ मीटरच्या आत-बाहेर. तिथे तीन-चार मीटर सरकले तर गुंठेच्या गुंठे हलतात. पण गावाच्या सामूहिक वनहक्काची शीव शेकडो हेक्टरांभोवती फिरते, तिथे तीन मीटरने कोणाचं काही जात नाही. गडचिरोलीच्या मेंढा गावाला २००९ मध्ये असा हक्क मिळाला, आणि त्यानंतर विदर्भात कितीतरी गावांच्या लोकांनी हातात असलंच यंत्र धरून आपल्या जंगलाच्या शिवा पायी फिरून काढल्या. सोबत म्हातारी माणसं, कारण जुनी शीव कोणत्या नाल्याने जाते हे त्यांनाच ठाऊक. वनरक्षकही आता रोजच्या गस्तीची रेघ फोनवर नोंदतात. शेतकऱ्याने ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे सरकारच्या जागेत चालते, आमच्या वावरात नाही." याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

घरी आल्यावर सगळ्या रेघा संगणकात उतरतात. त्यातल्या काही मी सगळ्यांना खुल्या असलेल्या ओपनस्ट्रीटमॅपवर घालतो. गडावरच्या वाटा, पायथ्याच्या गावांमधल्या पाणंदी, दोन गावांमधली जुनी पाऊलवाट जी बैलगाडीने रुंद झाली आणि डांबराने विसरली गेली. तोच नकाशा मग कोणाच्या तरी यंत्रात फुकट चढतो, आणि हिरव्या रंगात एक रेघ वाढते. नावं टाकताना काकांना विचारतो, मग टाकतो.

पाणवठे टाकत नाही. उन्हाळ्यात न आटणारं पाणी कुठे आहे हे ज्यांना कळायला नको, ते लोकही नकाशे वाचतात. जनावरांच्या खुणांचंही तसंच. ते सगळं माझ्या यंत्रात आणि काकांच्या डोक्यात, दोन प्रती पुरे आहेत. मागच्या आठवड्यात अमरावतीच्या एका तरुणाने निरोप पाठवला: सर, तुमच्या त्या डोहाची फाइल द्या ना, आम्ही आठ जण आहोत, रील करायची आहे. मी गडाची फाइल पाठवली. डोहाचं काही लिहिलं नाही. त्याने पुन्हा विचारलं, तेव्हा सांगितलं की दिवाळीच्या सुट्टीत परतवाड्याला या, आठ नाही दोघंच, काकांना विचारतो. ते हो म्हणाले तर सोबत जाऊ. सेल अल्कलाइनचे आणा, हेही लिहिलं.